‘सबुरी’ या शब्दाची समीक्षा

समीक्षा म्हटली की ती कवितेची, कादंबरीची, फार तर नाटकाची, असा आपल्याकडं रिवाज पडलाय. प्रोफेसर मंडळी आमच्या कवितेतल्या शिव्या मोजतात, प्रतिमा मोजतात आणि निकाल देऊन मोकळी होतात. सरकारी कागदाची समीक्षा कोणी करत नाही. आता खरं सांगा, आपल्या आयुष्यावर कवितेचा परिणाम जास्त होतो की सरकारी कागदाचा? पोरानं कुठल्या शाळेत बसायचं, शिष्यवृत्ती कधी मिळणार, फी कोण भरणार, हे सगळं कुठल्यातरी कागदातल्या एका शब्दावर ठरतं. मी सूतगिरणीत रात्रपाळी करणारा माणूस. शाळा नववीला सुटली, पुढचं वाचन स्वतःच्या हिमतीवर केलं. पण कविता लिहितो, म्हणून शब्द तपासायचा मला हक्क आहे असं मी मानतो. या अंकात मी एकाच शब्दाची समीक्षा करणार आहे. शब्द आहे ‘सबुरी’.

हा शब्द मला आधी भेटला अमेरिकेच्या इतिहासात, मग आपल्या. म्हणून तिथूनच सुरवात करतो.

अमेरिकेशी आपलं नातं ओढूनताणून आणलेलं नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहून, काळ्यांनी युनोकडं केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. १९७२ ला मुंबईत पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तरीही आपल्या अभ्यासवर्गात अमेरिकेतल्या शाळांचा विषय निघाला की गाडी एकाच स्टेशनवर थांबते. १९५४ साली सुप्रीम कोर्टानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. टाळ्या. वर्ग संपला. १९५४ च्या दुसऱ्या दिवशी काय झालं, हे कोणी विचारत नाही. कायदा झाल्यावर पुढं काय होतं हा तर आपला रोजचा प्रश्न आहे.

आधी पोरं उठली, कोर्ट नंतर बोललं, हे लक्षात ठेवा. व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी आहे, काउंटी म्हंजे आपल्या जिल्ह्यासारखी. तिथल्या फार्मव्हिल गावात काळ्यांच्या हायस्कूलला जागा पुरत नव्हती, म्हणून डांबरी कागद ठोकलेल्या शेडमध्ये वर्ग भरायचे. २३ एप्रिल १९५१ ला बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीनं साऱ्या शाळेला संपावर नेलं. साडेचारशेच्या वर मुलं बाहेर पडली. हा खटला आणि कॅन्सास, साउथ कॅरोलिना, डेलावेअर इथले खटले एकत्र झाले, तो ब्राउन खटला. काळ्यांची बाजू मांडणाऱ्या वकिलांचा म्होरक्या थर्गुड मार्शल. १७ मे १९५४ ला नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखानं सांगितलं की शाळा वेगळी ठेवणं म्हंजेच विषमता. इमारत सारखी असली, पुस्तकं सारखी असली, तरीही. १८९६ पासून ‘वेगळं पण समान’ म्हणून चाललेलं ढोंग शाळेपुरतं संपलं.

निकाल सुंदर आहे. भाषा साधी, कोणालाही कळेल अशी. पण त्या निकालात एक गोष्ट नव्हती. कधी? कोणत्या तारखेपासून?

त्यासाठी दुसरा निकाल लागला, ३१ मे १९५५ ला. आपल्या समीक्षेचा खरा मजकूर हा दुसरा निकाल. त्यात तारीख नाहीच. तारखेच्या जागी चार शब्द आहेत, ‘विथ ऑल डेलिबरेट स्पीड’. मराठीत काय म्हणायचं? विचारपूर्वक वेगानं. सावकाश घाईनं. दोन शब्द एकमेकांचे पाय ओढतायत. कवीनं असं लिहिलं तर समीक्षक त्याला विरोधाभास म्हणतील आणि शाबासकी देतील. पण मुकादम खात्यात येऊन म्हणाला, ‘मशीन भरभर चालव, पण सावकाश’, तर कालचा बदली कामगारसुद्धा ओळखेल की याला मशीन चालवायची नाही, उद्या काही बिघडलं तर ठपका आपल्यावर ठेवायचाय.

आणि हे विचारपूर्वक वेगानं करायचं कोणी? तर त्याच स्थानिक शाळा मंडळांनी, ज्यांनी इतकी वर्षं पोरं वेगळी बसवली होती. वर देखरेख त्याच भागातल्या फेडरल न्यायाधीशांची. कुलूप ज्यानं लावलं त्याच्याच खिशात किल्ली ठेवली आणि सांगितलं, जमेल तसं उघड.

त्यांनी जमेल तसं उघडलं. १९५६ साली दक्षिणेकडच्या सुमारे शंभर खासदारांनी जाहीरनामा काढून निकालाला विरोध केला. सप्टेंबर १९५७ मध्ये लिटल रॉक गावात नऊ काळी मुलं हायस्कूलला निघाली, तर राज्याच्या गव्हर्नरनं फौज उभी करून त्यांना अडवलं. मग राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरला लष्कराचे छत्रीधारी सैनिक पाठवावे लागले. नऊ पोरांना गणिताच्या तासाला बसायला लष्कर! पुढच्या वर्षी गव्हर्नरनं गावातली हायस्कुलंच बंद ठेवली. नोव्हेंबर १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्सला रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची पोर मार्शलांच्या पहाऱ्यात शाळेत गेली. गोऱ्यांनी आपली पोरं वर्गातून काढून नेली. रूबी वर्षभर एका बाईंपुढं एकटीच शिकली. फोटोत आपल्याला ती धीट दिसते, आपण कौतुक करतो. मला मात्र प्रश्न पडतो की सरकारच्या सबुरीची किंमत सहा वर्षांच्या पोरीनं का भरायची?

ज्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत संप झाला होता, तिनं तर कमाल केली. १९५९ साली तिनं सगळ्या सरकारी शाळांना कुलूप ठोकलं, ते १९६४ पर्यंत. काळ्यांच्या शेजारी बसवण्यापेक्षा शाळाच नको! गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली, तिच्या फीला काही काळ सरकारी अनुदानही मिळालं. सुमारे १७०० काळी मुलं उघड्यावर पडली. काही परगावी नातेवाइकांकडं गेली, काही चर्चमध्ये जमेल तेवढं शिकली, बाकीची कामाला लागली. १९६४ साली सुप्रीम कोर्टानं या शाळा उघडायला लावल्या आणि स्वतःच कबूल केलं की आता नुसत्या सावकाशीची वेळ संपली. ज्या पोराची दुसरी ते सहावी गेली, त्याला ही कबुली काय कामाची?

आता आकडा ऐका. निकालानंतर दहा वर्षांनी, १९६४ साली, दक्षिणेत गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या शाळेत शिकणारी काळी मुलं शंभरात दोनच्या आसपास होती. शंभरात दोन. ‘सबुरी’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशात बघू नका, या आकड्यात बघा.

मग काहीतरी बदललं. काय बदललं? गोऱ्यांचं हृदयपरिवर्तन झालं? आपल्याकडचे समरसतावाले हेच सांगतील. तसं काही नाही. लोक रस्त्यावर उतरले, मार खाल्ला, तुरुंग भरले, आणि त्या दाबाखाली सरकारला दोन कायदे करावे लागले. २ जुलै १९६४ चा नागरी हक्क कायदा. त्यात दोन दात होते. एक, सरकारचा मुख्य वकील स्वतः शाळा मंडळावर खटला भरू शकतो, म्हंजे गरीब बापाला एकट्यानं कोर्टाची पायरी चढायला नको. दुसरा, भेदभाव करणाऱ्या संस्थेचा केंद्राचा पैसा बंद. आता तिथल्या शाळा चालतात मुख्यत्वे स्थानिक घरपट्टीसारख्या करावर आणि राज्याच्या पैशावर. केंद्राचा पैसा फारसा नव्हताच, मग बंद होण्याची भीती कोणाला? पण एप्रिल १९६५ मध्ये दुसरा कायदा आला, गरीब मुलांच्या शाळांना केंद्रानं वर्षाला अब्जावर डॉलर द्यायचे असा. म्हंजे आधी धमकी आणि मग तिला वजन देणारी थैली. दक्षिणेतल्या मंडळांना थैली दिसली आणि कुलूप निघायला लागलं.

तरी पळवाट काढलीच. ‘पालकांनी हवी ती शाळा निवडावी’ अशी योजना काढली. कागदावर किती लोकशाही! व्हर्जिनियातच न्यू केंट काउंटीत दोनच शाळा होत्या. तीन वर्षांत एकही गोरं मूल काळ्यांच्या शाळेत आलं नाही, आणि काळ्यांपैकी ८५ टक्के मुलं जुन्याच शाळेत राहिली. का राहिली? गोऱ्या मालकाच्या गावात राहून त्याच्या शाळेत अर्ज टाकायला किती जणांची छाती होते, हे गावकुसाबाहेर वाढलेल्या माणसाला सांगायला नको. १९६८ साली कोर्टानं ही योजना नाकारली आणि सांगितलं, आत्ता चालेल अशी योजना आणा. १९६९ साली आणखी स्पष्ट केलं, ताबडतोब. ‘सावकाश’ गेला, ‘ताबडतोब’ आला. शंभरात दोन असलेला आकडा १९६८ ला तेवीसवर होता, १९८८ ला त्रेचाळीसवर गेला. माणसं तीच, वर्ण तेच, राज्यं तीच.

इथं मी टाळी वाजवणार नाही, कारण अजून दोन गोष्टी आहेत.

पहिली, एकत्रीकरणाचं बिल कोणी भरलं. बहुतेक ठिकाणी काळ्यांची शाळा बंद झाली आणि काळी पोरं गोऱ्यांच्या शाळेत गेली. उलटं क्वचितच झालं. मग काळ्या मास्तरांचं काय? गोऱ्या पालकांना काळा मास्तर नको होता. १९५४ ते १९६५ या काळात सतरा राज्यांत मिळून सुमारे ३८,००० काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक नोकरीतून गेले असा अंदाज आहे. शाळा उघडली, पण त्या पोराला ओळखणारा, त्याच्या बापाला नावानं हाक मारणारा मास्तर गेला. सरकारच्या कागदात या मास्तरांसाठी एक ओळ असती तर!

दुसरी, रेघ. दक्षिणेत कायद्यानं वेगळेपण होतं, उत्तरेत वस्तीनं होतं. शहरात काळे, उपनगरात गोरे, मधे शाळा-जिल्ह्याची हद्द. डेट्रॉइट शहराच्या खटल्यात खालच्या कोर्टानं भोवतालचे ५३ जिल्हे शहराबरोबर जोडून मुलं एकत्र आणायला सांगितलं. जुलै १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी ते उलटवलं. उपनगरांचा गुन्हा शाबित नाही, मग त्यांना त्रास कशाला? तोपर्यंत थर्गुड मार्शल त्याच कोर्टात न्यायाधीश झाला होता. त्यानं कडक विरोधी मत लिहिलं, पण मतं मोजली तर चारच. आणि आदल्याच वर्षी, १९७३ साली, कोर्टानं म्हटलं होतं की शिक्षण हा त्यांच्या राज्यघटनेतला मूलभूत हक्क नाही, श्रीमंत भागाच्या शाळेला जास्त पैसा आणि गरीब भागाच्या शाळेला कमी, हे चालेल. १९९१ पासून कोर्टांनी देखरेखही सैल केली. दक्षिणेतला तो त्रेचाळीसचा आकडा २०११ ला परत तेवीसवर आला. १९६८ ला होता तिथंच.

आता आपल्यातले काही मित्र म्हणतील, कशाला त्यांच्या शाळेचा हट्ट? आपली शाळा आपण काढू. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खुद्द ड्यू बॉइस यांनी १९३५ साली हाच प्रश्न मांडला होता. त्यांचं म्हणणं असं की पोराला शिक्षण हवं असतं, आणि जिथं त्याचा पाणउतारा होतो ती एकत्र शाळा काही आपोआप चांगली होत नाही. ३८,००० मास्तरांचा हिशेब बघितला की हे पटतं. बाबासाहेबांनीही १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. पण त्यांनी त्यासाठी सरकारी शाळेवरचा हक्क सोडला नाही. सरकारी शाळा चालते ती सगळ्यांच्या करावर. आमच्या घामाचा पैसा तिथं, आणि आम्ही मात्र वर्गणी काढून शाळा बांधायची? आणखी एक. अर्थशास्त्रज्ञ रकर जॉन्सन यांनी अशा एकत्र शाळांत शिकलेल्या मुलांचा पुढं मोठेपणापर्यंत माग काढला. काळी मुलं जास्त शिकली, जास्त कमावती झाली, तब्येतीनंही बरी राहिली. गोऱ्या मुलांचं काही नुकसान झालं नाही. म्हंजे औषध लागू पडत होतं. डोस मधेच थांबवला.

आता आपल्या घरात या. ‘सबुरी’ आपल्याकडं अमेरिकेपेक्षा जुनी आहे.

१८५४ साली कंपनी सरकारच्या संचालकांनी लिहून दिलं होतं की केवळ जातीमुळं कोणत्याही मुलाला सरकारी शाळेत नाकारू नये. १८५६ साली धारवाडला एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. नाकारला. मुंबई सरकारकडं अर्ज केला, तर उत्तर काय? एका मुलासाठी बाकीच्या साऱ्यांना शाळा निरुपयोगी करून ठेवण्यात शहाणपण नाही. १८५८ ला विलायतेहून पुन्हा आदेश आला की सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या. मग १८८२ चं हंटर कमिशन. जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढं निवेदन देऊन सांगितलं की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. कमिशननं काय शिफारस केली? १८५४ चं तत्त्व पुन्हा मान्य, पण ते योग्य त्या खबरदारीनं लागू करावं. बघा! तत्त्व मान्य, पण खबरदारीनं. ‘सावकाश घाईनं’ अमेरिकेत लिहिलं जाण्याच्या सत्तर वर्षं आधी त्याचा सख्खा भाऊ आपल्याकडं जन्मला होता.

मी सरकारी कागदाची समीक्षा नव्यानं करत नाही. बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे १९२८ साली सायमन कमिशनला जे निवेदन दिलं, त्यात धारवाडपासून हंटरपर्यंतचे हे सगळे कागद एकापुढं एक मांडून सरकारला उघडं पाडलं. तेही समीक्षाच होतं. आपल्या साहित्यसंमेलनात त्याला समीक्षा म्हणत नाहीत, एवढंच.

१९२३ ला बोले ठराव झाला, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले. पण साडेतीन वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या तळ्यावर माणसांना पायानं चालत जावं लागलं. १९३५ साली गुजरातेत कविठा गावात अस्पृश्यांनी पोरं गावच्या शाळेत घालायचा आग्रह धरला, तर सवर्णांनी त्यांना जगणं मुश्किल केलं. ठराव सरकारचा, चालायचं आम्ही, मार खायचा आम्ही. रूबीची गोष्ट वेगळी आहे का?

मग आपली घटना आली. कलम ४५ मध्ये तर तारीखच दिली होती, दहा वर्षांत, म्हंजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. पण ते कलम मार्गदर्शक तत्त्वांत. तिथल्या कलमासाठी कोर्टात जाता येत नाही. तारीख होती, दात नव्हते. १९६० गेलं. मूलभूत हक्क व्हायला २००२ ची घटनादुरुस्ती लागली, कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. पन्नास वर्षांची सबुरी. या पन्नास वर्षांत शाळेबाहेर राहिलेली पोरं कुठं गेली? वीटभट्टीवर, ऊसतोडीला, हॉटेलात कपबशा धुवायला.

त्या कायद्यात खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. डेट्रॉइटला हद्दीची रेघ होती, इथं किलोमीटरची. श्रीमंताच्या शाळेभोवती वर्तुळ काढलं आणि आमचं पोर वर्तुळाबाहेर. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या, जुलै २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टानं तो बदल रद्द केला. चांगलं झालं. पण तोपर्यंत जून उलटून गेला होता, शाळा सुरू झाल्या होत्या. सबुरीला पोराचं वर्ष दिसत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीची शिष्यवृत्ती जमा झाली तेव्हा ती कॉलेज सोडून कामाला लागली होती. सरकारचं म्हणणं, पैसे दिले. बरोबर आहे, दिले. कागदात कुठंही खोटं नाही.

म्हणून मित्रांनो, यापुढं सरकारचा कुठलाही कागद हातात आला तर टाळी वाजवायच्या आधी तो कवितेसारखा ओळ-ओळ वाचा. क्रियापद कुठल्या काळाचं आहे? ‘करेल’ आहे की ‘प्रयत्न करेल’? तारीख आहे का? नाही केलं तर कोणाचा पैसा थांबणार, हे लिहिलंय का? अंमल कोणाच्या हातात दिलाय, कुलूप लावणाऱ्याच्याच का? आणि दार उघडलं तर आधी आत कोण चालणार, त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार? ‘टप्प्याटप्प्यानं’, ‘शक्यतो’, ‘उपलब्ध निधीच्या अधीन’, ‘यथावकाश’, हे सगळे सबुरीचेच सोयरे आहेत. दिसले की खाली लाल रेघ मारा.

आणि रेघ मारून घरी बसू नका. २००९ च्या कायद्यानं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती ठेवलीय. तिच्यात तीन चतुर्थांश पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे. आपल्या वस्तीच्या शाळेत ती समिती कोणाच्या नावानं चालते, कधी बसते, सह्या कोण करतं, हे पुढच्या महिन्याभरात जाऊन बघा. वस्तीतल्या आयांना तिच्यात बसवा. इतिवृत्ताची वही मागा आणि वाचा. तिच्यात काय सापडलं ते या अंकाच्या पत्त्यावर लिहून पाठवा. पुढच्या अंकात आपण त्या वह्यांची समीक्षा करू.